पत्ता आपल्या नावाचा हवा: मंडळाचा निरोप खुल्या वाटेने पोचवण्यासाठी काय करावं

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी घाटमाथ्यावर रेड अलर्ट आला आणि आम्ही रविवारचा राजगड रद्द केला. आमच्या गिर्यारोहण मंडळाची मेलची यादी ६४० नावांची. सव्वासहाला मी रद्द झाल्याचा मेल सोडला, सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाखाली एक '२५० ओके' उतरताना पाहिलं आणि निर्धास्त झोपले. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. स्वारगेटला एसटी स्टँडबाहेर अकरा जण सॅक पाठीला लावून पावसात उभे होते. त्यातले एक काका बहात्तर वर्षांचे, कर्वेनगरहून रिक्षा करून आलेले. "अगं, मेल आला नाही गं मला," एवढंच म्हणाले.

मेल आला होता. अकराही जणांच्या स्पॅममध्ये पडून होता.

'२५० ओके' याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने टपाल हातात घेतलं, इतकाच. पुढे ते इनबॉक्समध्ये ठेवायचं की स्पॅममध्ये टाकायचं हे तो सर्व्हर ठरवतो, आणि काय ठरवलं ते पाठवणाऱ्याला कळवत नाही. मी भोसरी एमआयडीसीत दोन छोट्या कारखान्यांचे मेल-सर्व्हर एकोणीस वर्षं सांभाळते आहे, तरी हे माझ्या हातून झालं. त्यानंतर मंडळासाठी जे जे केलं ते इथे लिहिते. तुम्ही सोसायटीचे सचिव असाल, ढोल-ताशा पथकाचे निरोप पाठवत असाल किंवा वाचनालयाच्या सभासदांची यादी तुमच्याकडे असेल, तर यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

आधी यादी मोजा

कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक तास काढून हे करा. सभासदांचे मेल-पत्ते एका शीटमध्ये घ्या, 'अ‍ॅट'च्या चिन्हानंतरचा भाग वेगळ्या रकान्यात काढा आणि त्या रकान्यानुसार क्रम लावा. आमच्या ६४० पैकी ५७१ पत्ते एकाच बड्या मेल सेवेचे निघाले. ही यादी मी इतकी वर्षं सांभाळत होते, पण कधी मोजली नव्हती.

मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा न्यायचा याचा नियम (प्रोटोकॉल), एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या जाहीर नियमपत्रात लिहिला. कोणीही सर्व्हर लावावा आणि जगातल्या कुठल्याही सर्व्हरशी बोलावं, परवानगी कोणाचीच लागत नाही, ही त्यातली व्यवस्था. नंतर त्यात सुधारणा झाल्या, पण हा गाभा आजही तोच आहे. पण तुमची दहापैकी नऊ माणसं एकाच गेटच्या आत राहत असतील, तर त्या गेटवरच्या वॉचमनला दिलेली यादीच तुमच्यासाठी खरा नियम होऊन बसते. रस्ता सार्वजनिक असून तुम्ही बाहेरच उभे राहता.

गेट कसं बंद होतं ते एकदा पाहून ठेवा

हा भाग वगळू नका. पुढचे सगळे निर्णय याच्यावर उभे आहेत.

१९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर नावाची चॅटची व्यवस्था जाहीर केली. मेलसारखीच: पत्ता अमुक-अ‍ॅट-तमुक असा, सर्व्हर ज्याचा त्याचा, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलणारे. २००४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने तिला एक्सएमपीपी या नावाने मानक म्हणून प्रसिद्ध केलं. ऑगस्ट २००५ मध्ये गूगल टॉक आलं ते याच प्रोटोकॉलवर, आणि जानेवारी २००६ मध्ये गूगलने आपला सर्व्हर बाहेरच्या सर्व्हरांशी जोडला. त्या दिवसांत मी भोसरीत एका जुन्या पेंटियम मशीनवर जॅबरचा सर्व्हर लावला होता. शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर त्यावरून आपल्या जीमेलवाल्या भावाशी बोलायचा. कुठली कंपनी, कुठला सर्व्हर, हा विचारसुद्धा कोणाच्या मनात यायचा नाही. खुल्या प्रोटोकॉलची चव म्हणतात ती हीच.

मे २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स जाहीर केलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी ठेवली नाही. जुनं गूगल टॉक काही काळ रेंगाळलं, जून २०२२ मध्ये तेही पूर्ण बंद झालं. एक्सएमपीपीच्या नियमातलं एक अक्षरही या काळात कोणी मोडलं नाही. तो आजही चालतो, आम्ही वापरतो. फक्त गर्दी एका गेटच्या आत होती, आणि गेट लागल्यावर छोट्या सर्व्हरांवरच्या लोकांना आपल्याच ओळखीच्या माणसांशी बोलता येईना. मग तीही हळूहळू आत गेली.

फेसबुकने फेब्रुवारी २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीची खिडकी ठेवली होती. बाहेरचं अ‍ॅप वापरून तुम्ही फेसबुकवरच्या मित्राशी बोलू शकत होता, पण दुसऱ्या सर्व्हरवरचा माणूस तिथल्या माणसाशी बोलू शकत नव्हता. २०१५ मध्ये ती खिडकीही गेली. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातसुद्धा एक्सएमपीपीच्याच बदललेल्या रूपावर, ईजॅबरडी या खुल्या सर्व्हरवर झाली. म्हणून कोणी तुम्हाला 'आमचं अ‍ॅप खुल्या प्रोटोकॉलवर आहे' असं सांगितलं तर एवढंच विचारा: दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा माणूस तुमच्याकडच्या माणसाला निरोप पाठवू शकतो का? उत्तर नाही असेल तर आत कुठला प्रोटोकॉल आहे याने तुम्हाला काही फरक पडत नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्यात गेट लावलं जात नाही, फक्त दिवा मालवला जातो. गूगल रीडर २००५ मध्ये आलं आणि १ जुलै २०१३ ला बंद झालं. आरएसएस फीड, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं लिखाण आपोआप आणून देणारी यादी, वाचायची सवय ज्यांची त्या एका अ‍ॅपवर टेकली होती त्यांतल्या पुष्कळांनी वाचणंच सोडलं. आरएसएस मात्र जिवंत आहे; पॉडकास्ट त्याच्यावरच चालतात.

मोठ्या कंपन्यांनी खुल्या प्रोटोकॉलचं भलंही केलेलं आहे, आणि ते मी मनापासून मान्य करते. फेब्रुवारी २०१६ पासून जीमेलने कूटबद्ध न केलेल्या, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता येणाऱ्या मेलपुढे लाल, उघडं कुलूप दाखवायला सुरुवात केली आणि आळस करणाऱ्या सर्व्हरवाल्यांना टीएलएस हे कूटबंधन लावावं लागलं. देवनागरीतल्या मेल-पत्त्यांचं मानक २०१२ चं, पण २०१४ मध्ये जीमेलने असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केल्यावर त्याला वजन आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेनही सुरू झालं. एवढ्या मोठ्या कंपनीने पाऊल टाकलं की सगळ्यांना टाकावं लागतं. चांगल्या दिशेला टाकलं तर चांगलं. दिशा तुम्ही ठरवत नाही, ही अडचण.

नाव घ्या

मंडळाच्या नावाचं डोमेन घ्या. डॉट इन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतं. मी इतकी आग्रही यासाठी आहे की खुल्या प्रोटोकॉलचा सगळा फायदा या एका नावात साठवलेला असतो. डोमेनच्या एमएक्स नोंदीत लिहिलेलं असतं की या नावाचं टपाल कुठल्या सर्व्हरवर आणून द्यायचं. ती नोंद बदलली की काही तासांत टपाल नव्या सर्व्हरवर येऊ लागतं आणि कोणाचाही पत्ता बदलत नाही. कंपनीच्या फुकट पत्त्यावर मंडळ चालवलंत तर घर सोडताना दारावरची पाटी तिथेच राहते.

डोमेन घेताना तीन गोष्टींत लोक चुकतात. नोंदणी संस्थेच्या नावावर हवी, ज्याने उत्साहाने पहिल्यांदा पैसे भरले त्या तरुणाच्या नावावर नको. तो बंगळूरला नोकरीला जातो आणि मग शोधाशोध होते. नोंदणीसाठी दिलेला मेल-पत्ता त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन अडकलं की सूचनाही अडकते. आणि नूतनीकरणाची तारीख खजिनदाराच्या वहीत लिहा, वार्षिक सभेच्या खर्चाच्या पानावर. कार्डाची मुदत संपते, वही संपत नाही.

मेलच्या नोंदी

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफमध्ये लिहायचं की आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम ही सही: तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती तपासायची उघड किल्ली डीएनएसमध्ये असते. २०४८ बिटांची किल्ली घ्या. डीमार्कमध्ये सांगायचं की 'फ्रॉम'मधलं नाव या तपासण्यांशी जुळलं नाही तर काय करायचं, आणि त्याचे अहवाल कुठल्या पत्त्यावर पाठवायचे. डीमार्क सुरुवातीला 'काही करू नका, फक्त कळवा' या पातळीवर ठेवा. महिनाभर अहवाल पाहा. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतं ते त्यात दिसतं. आमच्याकडे एक जुना वर्गणीचा फॉर्म सापडला जो कुठल्याशा तिसऱ्याच सर्व्हरवरून पावत्या पाठवत होता. ते सगळं निस्तरल्यावरच पातळी वाढवा. एसपीएफमध्ये एक खाच आहे: ती नोंद वाचताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या कराव्या लागल्या तर अख्खी नोंद बाद ठरते. हे पण घाला, ते पण घाला असं करत गेलं की हे हमखास होतं.

स्वतःचा सर्व्हर असेल तर चौथी गोष्ट म्हणजे उलटी नोंद. आयपी क्रमांकावरून (इंटरनेटवरचा मशीनचा ओळख-क्रमांक) नाव सापडलं पाहिजे आणि त्या नावावरून तोच क्रमांक. ही नोंद तुमच्या डोमेनमध्ये होत नाही. ज्याच्याकडून मशीन भाड्याने घेतलं त्याच्याकडे करून घ्यावी लागते. घरच्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवायचा विचार सोडून द्या, तिथे मेल बाहेर जायचं २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे दार, बहुधा बंद असतं. भाड्याच्या क्लाउड मशीनवरही आधी विचारून घ्या. गूगल क्लाउडवर ते बाहेर जाण्यासाठी बंदच ठेवलेलं आहे.

राजगडच्या शनिवारी माझं नेमकं हेच चुकलं होतं. मे महिन्यात मी सर्व्हर नव्या मशीनवर हलवला होता. एसपीएफमध्ये जुना क्रमांक राहून गेला आणि उलटी नोंद केलीच नाही. सोमवारी दोन्ही दुरुस्त केलं. हे तपासायची सोपी रीत अशी: मंडळाचा मेल एका सभासदाच्या खात्यात उघडा, मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि 'मूळ दाखवा' निवडा. जीमेलमध्ये अगदी वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी येतात आणि प्रत्येकीपुढे 'पास' किंवा 'फेल'. मी काकांच्या घरी जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर ते पाहिलं. तिन्हीपुढे पास. मेल तरी स्पॅममध्येच.

पुढचे पाच आठवडे असेच गेले. लिहिलेले सगळे नियम पाळले होते. न लिहिलेला एक उरला होता. नव्या आयपी क्रमांकाची पत नसते, आणि माझ्याआधी त्या क्रमांकावर जो भाडेकरू होता त्याने काय पाठवलं होतं ते मला कळायला मार्ग नव्हता. त्या बड्या सेवेचा फॉर्म भरला, यांत्रिक उत्तर आलं. बोलायला माणूस नाही, अपील नाही, कारण नाही. एकोणीस वर्षांच्या कामात मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. मोठी कंपनी खुल्या प्रोटोकॉलला हरवते ती बहुतेक वेळा अशी, दुष्टपणा न करता. कोट्यवधी लोकांना स्पॅमपासून वाचवायची चाळणी ती लावते आणि त्या चाळणीत ६४० जणांचं एक मंडळ अडकलं तर तिच्या आकड्यांत ते दिसतसुद्धा नाही. आपल्या मेलची पत दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स तुम्ही जरूर लावा, पण यादी छोटी असेल तर तिथला तक्ता बऱ्याचदा रिकामाच राहतो.

शेवटी मी बाहेर जाणारी मेल एका छोट्या, पैसे घेणाऱ्या मेलवाल्याकडे सोपवली. डोमेन आमचं, यादी आमची, पाठवणारं मशीन त्यांचं. सभासदांना काही कळलंही नाही. हे करताना मला वाईट वाटलं, पण आज कोणी विचारलं तर मी हेच सांगते: सर्व्हर स्वतःचा हवा हा हट्ट धरू नका, नाव स्वतःचं हवं हा धरा. मेलवाला निवडताना दोन गोष्टी पाहा. आयमॅप या मेल वाचायच्या खुल्या प्रोटोकॉलने सगळं टपाल उतरवून घेता येतं का, आणि सोडून जायचं झालं तर काय काय करावं लागेल हे तो पहिल्याच दिवशी सांगतो का.

यादी चालवताना

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी नियम लावले. मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशोबात दिवसाला ५,००० हून जास्त) मेल पाठवणाऱ्यांना वरच्या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोय सक्तीची झाली. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक पत्त्यांसाठी मे २०२५ पासून दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या नोंदी सक्तीच्या केल्या. आपण छोटे म्हणून सुटलो असं समजू नका. गूगलच्या नियमांत सगळ्यांसाठीच एक आकडा आहे: स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. हिशोब करा. ६४० मेलपैकी दोघांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं की तुम्ही त्या रेषेपलीकडे. कोणी ट्रेकिंग सोडलेलं असतं, कोणाला मेल नको असतात, आणि यादीतून बाहेर पडण्यापेक्षा ते बटण दाबणं सोपं असतं.

म्हणून आम्ही मेलच्या तळाशी बारीक अक्षरात असणारी ती ओळ उचलून अगदी वर आणली, मराठीत: 'हे मेल नको असतील तर इथे टिचकी मारा, लगेच नाव काढतो. कृपया स्पॅम दाबू नका, इतरांचे निरोप अडतात.' चाळीसेक जण गेले. राहिलेल्यांना मेल पोचू लागले. परत येणारे मृत पत्तेही दर तिमाहीला काढत जा.

चर्चेची यादी असेल, म्हणजे कोणीही लिहिलं की सगळ्यांना जातं अशी, तर सॉफ्टवेअरमधलं एक बटण शोधा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनची डीमार्क पातळी 'नाकारा'वर नेली, पाठोपाठ एओएलनेही. नियमात बसणारंच काम, पण त्याने जगभरच्या मेलिंग लिस्ट कोलमडल्या. कारण यादी दुसऱ्याचं टपाल त्याच्याच नावाने पुढे पाठवते आणि तपासणाऱ्याला ते खोट्या सहीसारखं दिसतं. चाळीस वर्षांच्या रिवाजापुढे एका कंपनीची डीएनएसमधली एक ओळ भारी पडली. बदलावं लागलं ते याद्यांना. मेलमन या याद्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'फ्रॉम' बदलायची सोय आहे. 'अमुक, मंडळामार्फत' असं नाव जातं आणि पत्ता यादीचा. दिसायला बरं नाही, पण चालू करा.

समितीच्या गप्पांसाठी

आमच्या समितीत नऊ जण. त्यांच्यासाठी मी एक्सएमपीपीच निवडला. स्निकेट नावाचं तयार पॅकेज आहे, एक जीबी मेमरीच्या भाड्याच्या मशीनवर आरामात चालतं आणि आमंत्रणाची लिंक पाठवली की माणूस आत येतो. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल. ५२२२ हे पोर्ट फोनांसाठी, ५२६९ इतर सर्व्हरांसाठी. ५२६९ उघडंच ठेवा. आपल्याला कोण लागतंय बाहेरचं म्हणून ते बंद केलंत, तर मोठ्यांनी जे केलं तेच तुम्ही छोट्या प्रमाणावर केलंत.

मॅट्रिक्स हा दुसरा खुला चॅट-प्रोटोकॉलही चांगला आहे, पण त्याचा सर्व्हर मेमरी जास्त खातो. मे २०२३ मध्ये सरकारने १४ अ‍ॅप बंद केली त्यांत एलिमेंट हे मॅट्रिक्सचं प्रमुख अ‍ॅप होतं. प्रोटोकॉल खुला असला की दुसरं अ‍ॅप उघडता येतं, हेही त्यातून दिसलं.

खरी लढाई फोनच्या सेटिंगमध्ये होते. निरोप आला हे झोपलेल्या आयफोनला कळवायचं तर ते अ‍ॅपलच्याच सर्व्हरमार्फत जातं. अँड्रॉइडवर बहुतेक अ‍ॅप गूगलची सेवा वापरतात. कॉन्व्हर्सेशन्स स्वतःची जोडणी धरून ठेवू शकतं, पण फोन बॅटरी वाचवायला ती तोडतो. आमच्या खजिनदारताईंना तीन दिवस निरोप आले नाहीत तेव्हा मी त्यांचा फोन हातात घेतला. सेटिंग, अ‍ॅप, बॅटरी, 'निर्बंध नाहीत'. तरी नाही. मग आत कुठेतरी 'ऑटोस्टार्ट' नावाचं आणखी एक बटण निघालं. ते चालू केलं आणि फोन टेबलावर ठेवायच्या आत अठ्ठावीस निरोप एकदम वाजले. हे नऊच्या नऊ फोनांवर स्वतः बसून करा. फोनवरून सांगून होत नाही.

ग्रुप राहू दे

व्हॉट्सअ‍ॅप बंद करा असं मी सांगणार नाही. सभासद तिथे आहेत. युरोपात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमुळे मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरवर इतर सेवांना जोडून घेण्याचं बंधन आलं. आपल्याकडे तसा कायदा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून त्याची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, पण त्याने बाहेरच्या सर्व्हरवरून निरोप पाठवता येऊ लागला नाही.

आमचा शिरस्ता असा: मजकूर आधी मंडळाच्या संकेतस्थळावर, त्याच्या पानाची लिंक ग्रुपवर. पानाचं आरएसएस फीड आपोआप तयार होतं आणि सहा-सात जण ते वाचतात. सभासदाचं नाव, नंबर, मेल, घरचा फोन हे आमच्या रजिस्टरमध्ये. ग्रुपच्या सभासद यादीवर भिस्त नाही. मागे एका अ‍ॅपवर आमच्या सचिवांचा नंबर रातोरात बंद झाला होता तेव्हा ते रजिस्टरच कामी आलं. त्यांचा नंबर परत मिळायला नऊ दिवस लागले, मंडळाचं काम एक दिवसही अडलं नाही.

मॅस्टोडॉन या खुल्या समाजमाध्यमावर खातं काढायला हरकत नाही. ॲक्टिव्हिटीपब हा त्याचा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे, आणि सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, जुन्या पोस्टी मात्र नाही. मेटाचं थ्रेड्सही त्याला अर्धंमुर्धं जोडलेलं आहे. तिथल्या माणसाने स्वतः चालू केलं तरच त्याचं लिखाण बाहेर दिसतं. आनंद आहे, पण गूगल टॉकची २००६ आणि २०१३ ही दोन सालं लक्षात ठेवून तिथे वावरा. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी दर महिन्याला उतरवून घ्या.

मी महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सगळं करते: मेलची यादी उतरवते, डीएनएसच्या नोंदी एका फाइलमध्ये जशाच्या तशा लिहिते, रजिस्टर छापते आणि तो कागद मंडळाच्या नारायण पेठेतल्या कपाटात ठेवते. चावी दोघांकडे.

गेल्या जुलैत पुन्हा रेड अलर्ट आला, पुन्हा शनिवारी. या वेळी तोरणा होता, अडतीस जणांनी नाव दिलं होतं. सहा वाजता पान बदललं, मेल सोडला, ग्रुपवर लिंक टाकली, आणि तिन्हीकडे एकच ओळ लिहिली: 'मिळाल्यावर "मिळाला" एवढं उत्तर द्या.' उत्तर आलं की छापील यादीवर पेन्सिलने खूण. रात्री नऊला चार नावं उरली. चौघांना फोन लावले. शेवटचा काकांचा होता. त्यांचा मोबाइल बंद लागला, म्हणून रजिस्टरमध्ये पाहून कर्वेनगरच्या लँडलाइनवर केला, आणि दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.